हेग घराणं, मस्कीगो, विस्कॉन्सिन : प्रकल्पाच्या नोंदी

१४ मार्च २०२५

मॅडिसनच्या आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी एक पुस्तिका करायची, हे काल नक्की झालं. विषय मी सुचवला आणि तो मान्य झाला: हान्स क्रिस्चन हेग आणि त्याचं घराणं. राज्याच्या विधिमंडळाकडे किंग स्ट्रीटच्या बाजूने जाताना ब्राँझचा सैनिक उभा दिसतो, तोच हा. आमची मुलं त्याच्यासमोरून सतत जात-येत असतात, पण तो कोण हे विचारलं तर गप्प होतात.

माणूस थोडक्यात असा. जन्म २१ डिसेंबर १८२९, नॉर्वेतल्या द्रामेनजवळचं लिएर. दहा वर्षांचा असताना, १८४० मध्ये, आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनात आला. १८४९ मध्ये सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला. १८५१ मध्ये परतला, लग्न केलं, शेती सांभाळली. पुढे राज्याचा तुरुंग आयुक्त झाला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात १५व्या विस्कॉन्सिन रेजिमेंटचा कर्नल. चिकामॉगाच्या लढाईत गोळी लागून २० सप्टेंबर १८६३ रोजी गेला. वय ३३.

हे वर्ष या कामाला योग्य आहे. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगरहून ‘रेस्टोरेशन’ नावाची लहानशी शिडाची बोट निघाली आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला पोचली. नॉर्वेतून झालेल्या संघटित स्थलांतराची सुरुवात तिथून धरतात. त्याला यंदा दोनशे वर्षं होतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटायला होणार नाही. पुतळा कर्नलचा आहे. मला त्या कर्नलचं घर लिहायचं आहे: बाप, आई, बायको, बहीण, मुलं, जमीन, गोठा. त्याने हाती बंदूक का घेतली याचं उत्तर रणांगणावर मिळणार नाही, ते त्या घरात मिळेल, असं आत्तापर्यंत वाचलेल्यावरून मला पक्कं वाटतं.

२० मार्च

नावांचा तक्ता केला. मुलांना नॉर्वेजियन नावं परकी वाटतील अशी भीती होती, पण आपल्याला ती चटकन कळतात. वडील एव्हन हान्सेन हेग. स्वतःचं नाव, मग ‘हान्सचा मुलगा’, मग शेताचं किंवा ठिकाणाचं नाव. आई सिरी ओल्सदात्तर, म्हणजे ओलेची मुलगी. लग्नानंतरही बापाचंच नाव लावणारी. एव्हनच्या बापाचं नाव हान्स होतं हे त्याच्या नावातच आहे, आणि मोठ्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिकडेही होती.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या जुन्या वह्या नेटवर मोफत ठेवल्या आहेत. बारसं, लग्न, दफन, आणि शिवाय गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी. अडचण अक्षराची. गॉथिक वळणाचा हात, त्यात ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात. आमच्या गल्लीतल्या एक आजी नॉर्वेजियन घराण्यातल्या आहेत, त्यांनी लहानपणी आजीच्या बायबलमधल्या नोंदी वाचल्या होत्या. आज दुपारी त्यांच्यापाशी बसून एक पान उलगडलं. आधी त्यांनी महिन्यांची नावं शोधून दाखवली, मग त्या ओळखीच्या अक्षरांवरून बाकीची अक्षरं लागत गेली. मोडी शिकताना आम्हाला अण्णा मास्तरांनी असंच शिकवलं होतं: आधी तारीख आणि गावाचं नाव, मजकूर नंतर.

२९ मार्च

आज दिवसभर जमीन.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणीवर गेली, त्यामुळे या भागात मी जास्त रमणार हे घरच्यांना ठाऊकच होतं. इथली मोजणी चौकोनी आहे. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक सेक्शन ६४० एकर. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर आणि त्याचाही चौथा ४०. नदी असो, दलदल असो, रेघ सरळ जाते. आपल्याकडे बांध आधी आणि नकाशा नंतर. इथे नकाशा आधी काढला आणि माणसं त्या रेघांत येऊन बसली.

साखळी मात्र नात्यातली निघाली. इथल्या सर्व्हेयरची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस. चाळीस एकरांच्या तुकड्याची बाजू १३२० फूट, त्यात गुंठ्याच्या चाळीस बाजू बसतात. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे गुंठे. हे गणित पुस्तिकेत चौकट करून घालायचं. आणखी एक: गोल्डस्मिड आणि विंगेट हे ब्रिटिश अधिकारी इंदापूर तालुक्यात शेत न् शेत मोजून सारा ठरवत होते ते १८३० चं दशक, आणि आग्नेय विस्कॉन्सिनात साखळ्या पडल्या त्याही त्याच दशकात. सरकारी जमिनीचा किमान दर एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे चाळीस एकरांना पन्नास डॉलर.

त्या मोजणीदारांच्या क्षेत्रवह्या विद्यापीठाने स्कॅन करून ठेवल्या आहेत. कोपऱ्यावर खुंट, आणि खुंट हरवला तर सापडावा म्हणून जवळच्या दोन झाडांवर कुऱ्हाडीचा घाव. झाडाची जात, जाडी, दिशा आणि अंतर वहीत. खालच्या ओळीत जमिनीचा पोत: ओक, पाणथळ, गवत, दुय्यम प्रत. हद्दीची खूण बसवणाऱ्या माणसाला हे वाचताना त्या मोजणीदाराचे ओले बूट दिसतात.

पण ती जमीन रिकामी नव्हती. हा पोटावाटोमी लोकांचा मुलूख. १८३३ च्या शिकागोच्या तहाने मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची त्यांची जमीन अमेरिकी सरकारने घेतली आणि लोकांना मिसिसिपीपलीकडे जायला भाग पाडलं. मस्कीगो हे नावही त्यांचंच. हेग कुटुंब आलं त्याच्या आधी फक्त सात वर्षं. पुस्तिकेत हा परिच्छेद जमिनीच्या दराच्या आधी यायला हवा. ज्याच्या नावावरून जमीन कमी झाली तो फेरफाराच्या नोंदीत आधी लिहिला जातो.

६ एप्रिल

एव्हन हेगवर आज बराच वेळ गेला, आणि तो द्यावाच लागेल.

लिएरला त्याची खानावळ-सराई होती. म्हणजे येणारा-जाणारा माणूस, त्याची भूक आणि त्याच्या बातम्या, यातच त्याचं आयुष्य गेलेलं. १८३९ मध्ये द्रामेनचे सोरेन बाके आणि योहानेस योहानेसेन हे दोघे पुढे जाऊन विस्कॉन्सिन बघून आले होते, तिथेच राहिले होते. त्यांच्या पत्रांवर विसंबून पुढच्या वर्षी एव्हन पन्नाशीत बायकोमुलांसह निघाला. वाट त्या काळी ठरलेली होती: न्यूयॉर्क, हडसन नदीने वर, एरी कालव्याने बफेलो, मग सरोवरांतून मिलवॉकी. कालवा ३६३ मैलांचा आणि घोडे ओढतील तेवढा होडीचा वेग.

दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, सिरी गेली. पोरं लहान, मुलूख नवा.

एव्हनने इथेही सराईच उघडली म्हणायची, फक्त पैसे न घेता. त्याचा मोठा गोठा मस्कीगोच्या वसाहतीत प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात मिलवॉकीच्या धक्क्यावर उतरलेली कुटुंबं थेट तिथे यायची, गवतावर अंथरूण टाकायची, जमीन सापडेपर्यंत आठवडे काढायची. चर्च उभं राहण्याआधी प्रार्थना त्याच गोठ्यात व्हायच्या. १८४३ मध्ये आलेला क्लाउस क्लाउसेन हा धर्मगुरू तिथेच उपदेश करायचा. हाच क्लाउसेन पुढे हान्सच्या रेजिमेंटचा पाद्री झाला. ओंडक्यांचं चर्च १८४५ मध्ये वापरात आलं. ते आज मिनेसोटात सेंट पॉलला आहे, १९०४ मध्ये तिकडे हलवलं.

आणि छापखाना. २९ जुलै १८४७ रोजी ‘नॉर्डलिसेट’ निघालं, उत्तरेचा प्रकाश, अमेरिकेतलं पहिलं नॉर्वेजियन वृत्तपत्र. ते एव्हन हेगच्या ओंडक्यांच्या घरात छापलं जायचं. संपादक जेम्स रेमर्ट, भूमिका फ्री सॉइल पक्षाची, म्हणजे नव्या मुलखात गुलामगिरी वाढू द्यायची नाही ही. हान्स तेव्हा सतरा वर्षांचा. घरात खिळे जुळतायत, शाईचा वास, आणि रात्री जेवताना विषय गुलामगिरीचा. त्याची पुढची सगळी दिशा मला या खोलीत दिसते.

प्रकरणांचा क्रम बदलला. पहिलं प्रकरण: एव्हनचा गोठा.

१२ एप्रिल

लेक आणि नातू यांच्याबरोबर रसीन काउंटीतल्या नॉर्वे गावी जाऊन आलो. विंड लेक तळं, हेगच्या नावाचं उद्यान, तिथे पुतळा आणि ओंडक्यांचं जुनं घर. टेकडीवर ल्यूथरन चर्च आणि स्मशानभूमी, हान्स तिथेच आहे.

घराच्या कोपऱ्यात ओंडके एकमेकांत कसे अडकवलेत ते नातवाला दाखवलं. टोकाला तिरपी खाच, वरच्या ओंडक्याला उलटी खाच. वजनाने सांधा आणखी आवळतो आणि पावसाचं पाणी बाहेर ओघळतं. खिळा नाही. फटीत माती आणि चुना. नातवाने हात घालून बघितलं, “आजोबा, हे उलगडून परत लावता येईल?” येतं, म्हणूनच इथली जुनी घरं आणि ते चर्चसुद्धा गाव बदलू शकलं.

टेकडीवरून खाली पाहिलं तर पाणथळ जमीन अजून ओळखू येते. ओलीत डास, डासांत हिवताप, आणि १८४९ नंतर कॉलरा. मस्कीगोची वसाहत त्यानेच खचली. लोक पश्चिमेला कोरड्या, उघड्या माळांकडे निघून गेले. नॉर्वेजियन वसाहतींची जननी म्हणतात तिला, आणि ते बरोबरच आहे: माणसं इथे उतरली, इथे भाषा आणि कामं शिकली, आणि पुढे गेली.

२६ एप्रिल

सोन्याचं प्रकरण. इथे मोह होतो साहसकथा लिहायचा. मी काम काय होतं ते लिहिणार आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजी सटरच्या गिरणीच्या पाटात सोनं दिसलं. १८४९ च्या वसंतात हान्स तीन मित्रांबरोबर निघाला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. विस्कॉन्सिनातून बैलगाडीची वाट म्हणजे मिझुरी नदी, मग प्लॅट नदीच्या काठाने, फोर्ट लारामी, साउथ पास, वाळवंट आणि शेवटी सिएरा नेवाडाचा चढ. चार-पाच महिने लागायचे. त्या वर्षी त्या वाटेवर सगळ्यात जास्त बळी कॉलऱ्याने घेतले.

खाण म्हणजे बोगदा, असं मुलांना वाटेल. तिथे सुरुवातीला बोगदे नव्हते. ओढ्याच्या गाळात सोनं, ते पाण्याने वेगळं करायचं. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून धुणारे झारेकरी जे करतात तेच, फक्त कंबरभर बर्फगार पाण्यात उभं राहून. पहिलं हत्यार परात. मग पाळणा: वर जाळी असलेली लाकडी पेटी, खाली आडव्या पट्ट्या, बुडाला पाळण्यासारखे वक्र पाय. एकाने गाळ टाकायचा, दुसऱ्याने पाणी ओतायचं, तिसऱ्याने झुलवायचं. दगडगोटे जाळीवर राहतात, चिखल वाहून जातो, जड असलेलं सोनं पट्ट्यांच्या मागे बसतं. हे काम एकट्याचं नाही. चार मित्र निघाले यात तारुण्याचा उत्साह असेल, पण हिशेबही होता.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकऱ्यांवर महिना वीस डॉलर कर बसवला. तो लादला गेला तो मुख्यतः मेक्सिकन आणि इतर स्पॅनिश भाषकांवर. आणि तिथले मूळ रहिवासी: सोनं सापडलं तेव्हा दीड लाखाच्या आसपास होते, १८७० च्या सुमारास तीस हजारांवर आले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली. हेग कुटुंबाच्या कहाणीत हे दुसऱ्यांदा येतं आहे. दोन्ही ठिकाणी ते लिहायचं, एकदा लिहून झालं म्हणून दुसऱ्यांदा गाळायचं नाही.

१८५० मध्ये एव्हन वारला. हान्स १८५१ मध्ये घरी परतला, धाकट्या भावंडांसाठी आणि शेतासाठी. सोनं मिळालं म्हणून किंवा संपलं म्हणून परतला असं लिहिणं सोपं जातं, पण आईबाप दोन्ही नसलेल्या घरातला तो थोरला मुलगा होता. थोरल्याचं परतणं आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

३ मे

छोटी नोंद. डिसेंबर १८५१ मध्ये गुनिल्ड आइनॉन्गशी लग्न. वडिलांच्या जमिनीवर शेती. त्या दशकात विस्कॉन्सिनात गव्हाचा जोर होता, दूधदुभतं फार नंतर आलं. मुलं जेम्स एडमंड, हिल्डा, आणि एल्मर एल्सवर्थ. शेवटचं नाव एल्मर एल्सवर्थ याच नावाच्या तरुण कर्नलवरून, जो युद्धाच्या सुरुवातीलाच, मे १८६१ मध्ये, मारला गेला.

१८५९ मध्ये बिऱ्हाड वॉटरफर्डला हलवलं, आणि त्याच वर्षी हान्स राज्याच्या तुरुंग आयुक्तपदी निवडून आला. राज्यस्तरावरच्या पदावर नॉर्वेत जन्मलेला पहिला माणूस. विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा १८५३ मध्येच रद्द केली होती. आता वॉपनच्या तुरुंगात कैद्यांना काम, शिस्त आणि सुधारण्याची संधी, हा त्याचा आग्रह. आणि एक प्रसंग: मिलवॉकीच्या तुरुंगातून जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या गुलामाला १८५४ मध्ये जमावाने सोडवलं, त्या जमावाला चेतवणारा संपादक शर्मन बूथ. पुढे १८६० मध्ये बूथलाच संघराज्याच्या कोठडीतून त्याच्या साथीदारांनी काढून नेलं, तेव्हा त्याला आसरा मिळाला तो वॉपनला, तुरुंग आयुक्त हेगकडे. सरकारी पदावर असलेल्या माणसाने कायदा कुठला पाळायचा हे स्वतः ठरवलं. हा प्रसंग पूर्ण पानभर.

२४ मे

रेजिमेंट. राज्याने १८८६ मध्ये सर्व विस्कॉन्सिन स्वयंसेवकांची नामावली छापली. चार रकाने: नाव, गाव, भरतीची तारीख, शेरा. १५व्या रेजिमेंटची पानं नातवाबरोबर बसून वाचली.

पहिल्या पानावर तो हसत होता, कारण ओले, ओले, ओले. शेकड्याहून जास्त माणसांचं नाव ओले. मग ओले ओल्सन, ओले हान्सेन, ओले अँडरसन. तुकड्यांची नावंही त्याला आवडली: सेंट ओलाफ रायफल्स, ओडिन रायफल्स, नॉर्वेजियन बेअर हंटर्स. मग शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला आणि हसणं थांबलं. ‘आजाराने मृत्यू’, ‘आजाराने मृत्यू’, ‘अपंगत्वामुळे रजा’, पुन्हा ‘आजाराने मृत्यू’. त्याने विचारलं, लढाई कुठे आहे?

सुमारे नऊशे जणांच्या या रेजिमेंटचे ९४ जण गोळीने किंवा जखमांनी गेले, आणि २४३ आजाराने. जुलाब, विषमज्वर, गोवर, हिवताप. शेतावर, एकेका घरात वाढलेली पोरं शेकड्यांनी एका छावणीत आणली, की ज्याला लहानपणी जो रोग झाला नव्हता तो तिथे होतो. मिसिसिपी नदीतलं दहा नंबरचं बेट घेतल्यावर दोन तुकड्या तिथेच पहाऱ्यावर ठेवल्या, दलदलीत. हे आकडे मुलांनी पाहायलाच हवेत. युद्धाचं चित्र काढताना झेंडा आणि घोडा सगळे काढतात, रांजण आणि शौचखड्डा कुणी काढत नाही.

तारखा: हान्सचं आवाहन मॅडिसनच्या ‘एमिग्रांटेन’ या नॉर्वेजियन वृत्तपत्रात, १८६१ च्या शरदात. कॅम्प रँडलवर (आज तिथे विद्यापीठाचं फुटबॉल मैदान आहे, आमच्या घरापासून बसने थोडक्यात) भरती. २ मार्च १८६२ रोजी मॅडिसन सोडलं. ऑक्टोबर १८६२ पेरीव्हिलची लढाई. वर्षअखेरीस स्टोन्स रिव्हरची लढाई, तिथे लेफ्टनंट कर्नल मॅकी मारला गेला. मे १८६३ मध्ये हान्सकडे पूर्ण ब्रिगेड आली.

घरची माणसं इथेही बरोबर होती. भाऊ ओले रेजिमेंटचा क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद-सामान बघणारा. बहीण आंद्रेआचा नवरा स्टीफन हिमो रेजिमेंटचा सर्जन. आणि गोठ्यात प्रवचन देणारा क्लाउसेन पाद्री. मस्कीगोचं ते अंगणच गणवेश घालून टेनेसीत गेलं होतं.

७ जून

चिकामॉगा, उत्तर जॉर्जिया, १९ आणि २० सप्टेंबर १८६३. दोन्ही बाजू मिळून मृत, जखमी आणि बेपत्ता सुमारे ३४,०००. गेटिसबर्ग वगळता या युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई.

हेगच्या ब्रिगेडमध्ये चार रेजिमेंट: १५वी विस्कॉन्सिन, ८वी कॅन्सस, २५वी आणि ३५वी इलिनॉय. १९ तारखेला दुपारी ती लाफायेट रस्त्याजवळ, विनियर्ड कुटुंबाच्या शेतात भिडली. झाडीत शिरायचं, मागे रेटलं जायचं, उघड्या शेतात पुन्हा ओळ लावायची, पुन्हा शिरायचं. दिवस मावळताना हान्सच्या पोटात गोळी लागली. त्या काळात पोटातली गोळी म्हणजे काय, हे त्याला आणि भोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. रात्र इस्पितळात गेली आणि २० तारखेला प्राण गेला. विस्कॉन्सिनच्या नॉर्वेजियन माणसांपैकी युद्धात पडलेला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा अधिकारी तोच. त्या शेतात आज तोफगोळ्यांचा पिरॅमिड रचलेला आहे. मारल्या गेलेल्या ब्रिगेड कमांडरांची जागा तिथे अशीच दाखवली आहे.

लढाईचा बाणांचा नकाशा काढला होता, तो लहान केला. शेताचा नकाशा मोठा ठेवला: घर, कुंपण, खंदकासारखी चर, कणसं. विनियर्ड कुटुंबाचंही ते वर्षाचं पीक होतं.

२१ जून

गुनिल्ड.

हान्सची तिला लिहिलेली पत्रं १९३६ मध्ये नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळाने छापली. बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि शेवटची थेट चिकामॉगाच्या तोंडावरची. मुलांची चौकशी, पैशांची व्यवस्था, घरी येण्याची ओढ. संच मोठा आहे, पण तो एकाच हाताचा. तिची उत्तरं त्या पुस्तकात नाहीत. म्हणून मी त्याची पत्रं उलटी वाचायचं ठरवलं: तो ज्याचं उत्तर देतो आहे ते तिने विचारलं असणार, तो ज्याची समजूत काढतो आहे ते तिला खुपत असणार. प्रत्येक पत्रापुढे समासात ‘तिने काय लिहिलं असावं’ असं पेन्सिलीने टिपत गेलो. हे अनुमान आहे, ते पुस्तिकेत अनुमान म्हणूनच छापायचं, वेगळ्या ठशात. पण छापायचं.

सरकारी कागदात तिची जागा १४ जुलै १८६२ च्या निवृत्तिवेतन कायद्याने ठरते. कर्नलच्या विधवेला महिना ३० डॉलर, साध्या शिपायाच्या विधवेला ८. म्हणजे एकाच चर्चच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन बायकांच्या दुःखाचा दर वेगळा. शिपायाच्या बायकोला शिवाय सिद्ध करावं लागायचं: लग्न झालं होतं, मुलं माझीच, नवरा सेवेतच मेला. लग्न नॉर्वेतल्या एखाद्या खेड्यात झालेलं, दाखला समुद्रापलीकडे. शेजारी साक्षीला आणायचे, सुईणीला आणायचं, पाद्र्याकडून वहीचा उतारा घ्यायचा. त्या धडपडीचे कागद आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि ज्या बाईने आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही तिचं बोलणं तिथे शपथपत्रात उतरलेलं सापडतं. कुटुंबाचा शोध घेणाऱ्या कुणालाही मी सांगेन: सैनिकाची भरतीची नोंद नंतर बघा, आधी विधवेचा दावा मागवा.

गुनिल्डचं प्रकरण दोन पानांचं होतं, ते सहा पानांचं केलं. लढाईचं तेवढं कमी केलं.

२८ जून

पुतळ्याबद्दल. पॉल फ्येल्डे या नॉर्वेजियन-अमेरिकन शिल्पकाराचं काम. मॅडिसनला १९२६ मध्ये बसवला. त्याच्या प्रती लिएरला आणि मस्कीगोजवळच्या उद्यानात आहेत. २३ जून २०२० च्या रात्री, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या आंदोलनात, मॅडिसनचा पुतळा पाडला गेला, त्याचं डोकं तोडलं आणि तो तळ्यात टाकला. २०२१ मध्ये दुरुस्त करून पुन्हा उभा केला.

बैठकीत दोन मतं आली. एक, हे मुलांच्या पुस्तकात नको. दुसरं, गुलामगिरीविरुद्ध लढून मेलेल्या माणसाचा पुतळा पाडणारे अडाणी, असं सरळ लिहा. मला दोन्ही पटली नाहीत. त्या रात्री काय झालं ते तारखेसह लिहायचं, संताप कशाचा होता तेही लिहायचं. आणि हेगने काय केलं होतं ते आधीच्या पानांत सविस्तर आलेलंच आहे. चौथरा नाव आणि हुद्दा सांगतो. गोठा, छापखाना, बूथला दिलेला आसरा त्यावर मावत नाही. ज्या शहरात माणसं त्याच्यासमोरून रोज जातात तिथे त्याची गोष्ट सांगायचं काम कुणीतरी करायला हवं होतं, आणि आमची पुस्तिका आपल्या मुलांपुरतं ते करते आहे. मतदान न होता हे पान राहिलं, याचं समाधान आहे.

१२ जुलै

शेवटचं प्रकरण, पुढची पिढी. जेम्स एडमंड लेक जिनीव्हाला वृत्तपत्राचा संपादक झाला. आजोबांच्या घरातला छापखाना त्याच्या जन्माआधीच हलला होता, धंदा मात्र घरात परत आला. हिल्डाचं लग्न चार्ल्स फाउलरशी, तो १८९५ ते १९११ न्यू जर्सीतून काँग्रेसवर होता. एल्मर डॉक्टर होऊन पार वॉशिंग्टन राज्यात गेला, सार्वजनिक आरोग्याच्या कामात. ज्याच्या बापाच्या रेजिमेंटमध्ये आजाराने इतके मेले त्याचा मुलगा आरोग्य खात्यात, हे मी नुसतं शेजारीशेजारी ठेवलं आहे, त्यातून काही सिद्ध करत नाही.

वंशवृक्षावर चर्चा झाली. छापील जुन्या वंशावळींत मुलीच्या नावापुढे फांदी थांबते. आपल्या घराच्या वंशावळीतही तेच, माझ्या आत्यांची नावं आमच्या भटजींच्या वहीत नाहीत. इथे तसं करायचं नाही. आंद्रेआ आणि डॉक्टर हिमो यांची फांदी कॅन्ससपर्यंत, हिल्डाची न्यू जर्सीपर्यंत. सिरीच्या चौकटीत तिचं नाव ती लावत होती तसं, ओल्सदात्तर. गुनिल्डच्या चौकटीत आधी आइनॉन्ग, मग हेग.

राहिलेली कामं: मैलांच्या पट्टीखाली किलोमीटरची पट्टी, गुंठ्यांच्या चौकटीतली आकृती मोठी, ‘द्रामेन’ आणि ‘ड्रामेन’ दोन्ही आले आहेत, सगळीकडे ‘द्रामेन’. पोटावाटोमींच्या परिच्छेदावर गल्लीतल्या आजींनी हस्ताक्षरात दोन ओळी सुचवल्या, त्या घेतल्या. फाइल उद्या सकाळी छापखान्यात जाते. सत्तर ग्रॅमच्या कागदावर नकाशे पलीकडून दिसत होते, म्हणून शंभर ग्रॅमचा सांगितला आहे.